पंख्याखाली बसवूनही कुत्र्याची धाप थांबत नव्हती. उन्हाळ्यात नेमके काय करावे?

सावली (प्रश्न):
नमस्कार मंडळी. आमच्या घरी 7 वर्षांचा लॅब्रॅडॉर कुत्रा आणि 4 वर्षांचा बोका आहे. कुत्र्याचे वजन 38 किलो, म्हणजे असायला हवे त्यापेक्षा जास्तच. परवा सकाळी नऊच्या सुमारास फिरून परतताना तो रस्त्यातच बसला, तो काही केल्या उठेना. जीभ एरवीपेक्षा रुंद आणि गडद लाल झाली होती, आणि चिकट लाळ दोरीसारखी लोंबत होती. कसेबसे घरी आणून पंख्याखाली बसवले, ओली चादर पांघरली, तरी धाप उतरायला अर्धा तास लागला. आता घरातल्यांचे म्हणणे असे, की त्याच्या अंगावरचे केस पूर्ण कातरून टाकावेत. ते योग्य होईल का? चादर पांघरण्यात माझे काही चुकले का? आणि बोका दिवसभर पाण्याला जवळजवळ तोंडच लावत नाही, त्याचे काय करावे?

निवांत:
मी पशुवैद्य आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, परंतु तुमचे वर्णन उष्माघाताच्या सुरुवातीशी जुळते. म्हणून सर्वांत आधी, तो आज ठणठणीत दिसत असला तरी त्याला दवाखान्यात नेऊन रक्त आणि लघवी तपासून घ्या. मूत्रपिंडांना झालेली इजा किंवा रक्त गोठण्यातला बिघाड कधीकधी एक ते तीन दिवसांनी उघड होतो. लघवी तपकिरी होणे, शौचातून रक्त पडणे, हिरड्यांवर बारीक लाल ठिपके उठणे, यांपैकी काहीही दिसले तर वेळ दवडू नका.

आता पंखा आणि चादरीविषयी. आपल्याला सर्वांगाला घाम येतो आणि तो वाऱ्याने सुकला की अंग निवते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजाच्या तळव्यांना, त्यामुळे कोरड्या अंगावर वारा घातल्याने त्याला आपल्याइतका आराम मिळत नाही. त्याची सारी भिस्त धापेवर असते. जीभ, नाक आणि श्वसनमार्ग यांतला ओलावा सुकतो, तेव्हा त्याच्या शरीरातली उष्णता बाहेर पडते. हवा दमट असली की हा ओलावा सुकतच नाही, आणि म्हणूनच ऊन नसलेल्या कुंद, ढगाळ दिवशीही कुत्री कोसळतात. पग, बुलडॉग यांच्यासारख्या बसक्या नाकाच्या जातींची तर हीच वाट अरुंद असते.

चादरीमागचा तुमचा हेतू चांगला होता, पण पांघरलेले ओले कापड थोड्याच वेळात अंगाच्या उष्णतेने कोमट होते आणि खालची वाफ अडवून धरते. त्याऐवजी अंगावर सरळ गार पाणी ओतावे, बोटांनी केस बाजूला सारून ते कातडीपर्यंत पोहोचवावे, पोट आणि जांघा भिजवाव्यात आणि मग पंखा लावावा. ओल्या अंगावर पंखा खरोखर कामी येतो. हे सगळे दवाखान्यात निघण्याआधी सुरू करावे आणि वाटेतही गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून किंवा एसी लावून चालू ठेवावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते आणि ते 41 च्या वर गेले की अवयवांना धोका पोहोचतो. गुदद्वारात थर्मामीटर लावून मोजता येत असेल, तर 39.5 च्या आसपास पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर अंग गरजेपेक्षा खाली थंड होते. ग्लानीत असलेल्या जनावराच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते.

माळावरचा:
निवांत यांना एक शंका. आमच्याकडे आजवर हेच ऐकले आहे, की तापलेल्या कुत्र्यावर थंडगार पाणी कधीही ओतू नये, कारण त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत कोंडते. शिवाय अशा वेळी तापाची गोळी दिली तर चालते का?

निवांत:
हा समज पुस्तकांमधूनही बरीच वर्षे चालत आला आहे, तेव्हा तुमचा दोष नाही. तरुण आणि एरवी निरोगी कुत्र्याला थंड पाण्यात बसवणे हा तापमान उतरवण्याचा सर्वांत वेगवान मार्ग आहे, असेच आता मानले जाते. फक्त डोके पाण्याबाहेर धरावे. वयस्क किंवा आजारी कुत्र्याला पाणी आणि वारा हा मार्ग अधिक सोसतो. योग्य गारवा शोधत बसण्यात मिनिटे गेली, तर त्याचे नुकसान पाण्याच्या थंडपणापेक्षा कितीतरी मोठे असते. हाताशी असेल ते पाणी वापरा, अट एवढीच, की ते जनावराच्या अंगापेक्षा थंड असावे.

गोळी अजिबात नको. तापात मेंदूच शरीराची उष्णता वर चढवत असतो आणि औषध तिथे काम करते. उष्माघातात मेंदूने तसा हुकूमच दिलेला नसतो. शिवाय मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांनाही विषारी आहे.

केसांबद्दल थोडक्यात: कातरू नका. लॅब्रॅडॉरच्या अंगावर बाहेरचे राठ केस आणि आतली दाट लव असे दोन थर असतात, ते उन्हाची झळ थोपवतात. सुटलेली लव रोज विंचरून काढलीत की हवा खेळती राहते. फिरण्याची वेळ मात्र नऊवरून सूर्योदयापूर्वी आणा. निघण्याआधी तळहाताची मागची बाजू डांबरावर 7 सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवली नाही तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. बंद गाडीत त्याला क्षणभरही एकटे सोडू नका. बाहेर 24 अंश असताना उन्हातल्या गाडीत दहा मिनिटांत 34 च्या आसपास होतात, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही.

बोकोबा:
बोक्याविषयी लिहिते, कारण आमच्या घरी सध्या तीन मांजरे आहेत आणि मांजरे तहान सहसा बोलून दाखवत नाहीत. पाण्याचे भांडे खाण्याच्या ताटलीजवळ आणि शौचपेटीजवळ ठेवू नका. भांडे पसरट असू द्या, म्हणजे मिशा काठाला घासत नाहीत. ओले अन्न वाढवल्यास बरेचसे पाणी त्यातूनच पोटात जाते. मांजर अंग चाटून लाळेच्या ओलाव्याने स्वतःला थंड करते; ते तोंड उघडे टाकून धापा टाकू लागले तर कुत्र्यासारखे साधे समजू नये, लगेच दवाखाना गाठावा. बोका शौचपेटीत वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तेव्हा सकाळपर्यंत वाट पाहत बसू नका. जाता जाता, गोचिडांसाठी कुत्र्याच्या पाठीवर लावायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असते आणि ते मांजराला विषारी असते. दोघे एकमेकांना बिलगून झोपत असतील, तर औषध घेण्यापूर्वी वेष्टनावरची माहिती वाचा.

सावली:
सर्वांचे मनापासून आभार. काल रक्त आणि लघवी तपासली. मूत्रपिंडे ठीक आहेत, पण चार दिवसांनी पुन्हा नमुना द्यायला सांगितले आहे, आणि वजन कमी करण्याची तंबीही मिळाली. केस कातरण्याचा बेत रद्द केला. आज पहाटे साडेपाचला फिरून आलो, तर कुत्रा घरी येऊनही चेंडू तोंडात धरून दाराशी उभा राहिला. चेंडू कपाटात ठेवला आहे, कारण हा स्वतःहून थांबणाऱ्यातला नाही हे आता कळले. बोक्यासाठी तीन पसरट भांडी तीन खोल्यांत मांडली होती. त्याने तिन्ही हुंगली आणि न्हाणीघरात जाऊन बादलीतले पाणी प्यायला, म्हणून आता रोज बादली घासून काठोकाठ भरून ठेवते.