उतरत्या विमानाचे थरथरते चित्रण: स्टॅबिलायझर लावल्यावर टेकडी स्थिर होते, विमान मात्र डगमगते

खाडीपलीकडचा (कोपरखैरणे)

नमस्कार. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली, तेव्हापासून रविवारची सकाळ उलव्यातील एका नातेवाइकांच्या गच्चीवर घालवायची मला सवय लागली आहे. कठड्यालगत पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना यांची इतकी गर्दी आहे की ट्रायपॉड उभा करायला सपाट जागाच उरत नाही, म्हणून १००-४०० मिमीची लेन्स लावलेला कॅमेरा हातात धरूनच चित्रण करतो. चित्रण फोर-के, सेकंदाला २५ फ्रेम. शटर स्पीड फ्रेम-रेटच्या दुप्पट ठेवावा हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम पाळून १/५० सेकंद ठेवला आहे.

माझ्यापुढे दोन क्लिप आहेत. पहिली उलव्याची आहे. तीत विमान उतरत असून मागे टेकडी आणि इमारती दिसतात. प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये थरथर घालवणारे वॉर्प स्टॅबिलायझर हे साधन लावल्यावर टेकडी सुरेख, संथ सरकू लागली, पण विमान फ्रेममध्ये मागेपुढे हिसके खाऊ लागले आणि दोन ठिकाणी तर त्याचा सांगाडा रबरी असल्याप्रमाणे मधोमध वाकला. दुसरी क्लिप माझ्या घराच्या गच्चीवरून घेतली आहे. तीत मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे निघालेले विमान आणि त्यामागे फक्त निरभ्र आकाश आहे. तिथे विश्लेषण पूर्ण होते, परंतु थरथर जवळजवळ तशीच राहते आणि मध्येच एखादा नवाच झटका बसतो. स्मूथनेस (हालचाल किती संथ करायची ते प्रमाण) ५० वरून १०० टक्के केल्यावर पहिली क्लिप अधिकच बिघडली. या क्लिप संकलनात सुधारता येतील, की सोडून द्याव्यात? माझ्याकडे दा विंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या संकलन-सॉफ्टवेअरची मोफत आवृत्तीही आहे.

संकलन-कक्ष (नौपाडा, ठाणे)

दोन्ही क्लिप बऱ्याच अंशी सुधारतील, मात्र त्यासाठी आधी वॉर्प स्टॅबिलायझर काढून टाकावा लागेल. हे साधन चित्रातील पुष्कळ लहान खुणा निवडते, प्रत्येक फ्रेममध्ये त्या कुठे सरकल्या ते मोजते, आणि बहुसंख्य खुणांची हालचाल म्हणजेच कॅमेऱ्याची हालचाल असे गृहीत धरते. उलव्याच्या क्लिपमध्ये या खुणा टेकडीवरच्या झाडांवर आणि इमारतींच्या खिडक्यांवर पडणार; विमानाच्या वाट्याला मूठभर येणार. बहुमत टेकडीचे असल्यामुळे टेकडी लोण्यासारखी सरकू लागते, आणि विमानाचा पाठलाग करताना तुमच्या मनगटाने केलेली प्रत्येक लहानमोठी दुरुस्ती विमानाच्या अंगावर येऊन पडते. पाहणाऱ्याची नजर तर विमानावरच खिळलेली असते, त्यामुळे चित्र पूर्वीपेक्षा वाईट झाले असे वाटते, आणि ते खरेही असते.

सांगाडा वाकण्याचे कारण निराळे आहे. मूळ निवडीत हे साधन ‘सबस्पेस वॉर्प’ या पद्धतीने चालते. त्यात फ्रेमचे वेगवेगळे भाग वेगवेगळे ताणले जातात. विमान आणि टेकडी निरनिराळ्या दिशांना सरकत असतील, तर हा ताण नेमका विमानावरून जातो. आकाशाच्या क्लिपमध्ये धरायला काहीच नसल्यामुळे साधन चित्रातील कणकण किंवा फाइल दाबून लहान (कॉम्प्रेस) करताना पडलेल्या चौकटी यांनाच खुणा समजते. नवा झटका बहुधा तिथूनच आला असावा.

तेव्हा काय स्थिर ठेवायचे आहे, हे सॉफ्टवेअरला आपणच सांगितले पाहिजे. रिझॉल्व्हमध्ये क्लिप फ्यूजनच्या पानावर उघडावी. तिथे प्रत्येक क्रिया ‘नोड’ नावाच्या चौकोनाने दाखवतात; मूळ क्लिपच्या मीडिया-इन या नोडनंतर, निवडलेल्या ठिपक्याचा फ्रेमागणिक माग काढणारा ट्रॅकर हा नोड जोडावा. त्याच्या दोन चौकटींपैकी आतली चौकट कोणता ठिपका ओळखायचा ते सांगते आणि बाहेरची तो किती लांबपर्यंत शोधायचा ते सांगते. हातातल्या चित्रणात झटके मोठे असल्यामुळे बाहेरची चौकट सढळ हाताने मोठी करावी. ठिपका निवडताना इंजिनच्या तोंडाची कड, दाराचा कोपरा किंवा शेपटीजवळ ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरे असे ठळक काहीतरी धरावे. नुसती खिडकी धरू नये, कारण शेजारची खिडकी हुबेहूब तशीच असते आणि ट्रॅकर बेलाशक तिच्यावर उडी मारतो. सुरुवात क्लिपच्या पहिल्या फ्रेमपासून करण्याचे कारण नाही. जिथे विमान सर्वांत मोठे आणि स्पष्ट दिसते, त्या मधल्या फ्रेमवर ठिपका बसवावा, तिथून पुढे शेवटपर्यंत जावे आणि मग उलट मागे यावे.

ट्रॅकिंग झाल्यावर ऑपरेशनमध्ये ‘मॅच मूव्ह’ आणि मर्जमध्ये ‘बीजी ओन्ली’ निवडले की विमान फ्रेममध्ये खिळते. हात वळून क्षितिज तिरके झाले असेल तरच दुसरा ठिपका घेऊन रोटेशनच्या (फिरण्याच्या) चौकटीत टिक करावी. स्केलच्या (आकाराच्या) चौकटीत मात्र टिक करू नये. विमान खरोखरच जवळ येत असते, आणि त्याचा आकार कायम ठेवायला सांगितल्यास सॉफ्टवेअर सगळे चित्रच लहान करत नेते.

इथे बरेच जण थांबतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात. पूर्ण खिळलेले विमान दुकानाच्या काचेआड टांगलेल्या खेळण्यासारखे दिसते. म्हणून ट्रॅकरनंतर चित्र सरकवणारा ट्रान्सफॉर्म नोड जोडून तीन-चार की-फ्रेममध्ये (जिथे जागा आपण ठरवून देतो अशा फ्रेममध्ये) त्याला थोडी संथ हालचाल परत द्यावी: सुरुवातीला ते फ्रेमच्या मध्यापासून किंचित मागे असावे, शेवटी किंचित पुढे जावे, आणि नाकासमोर नेहमी शेपटीमागच्यापेक्षा जास्त जागा असावी. मूळ झटके पुसून त्यांच्या जागी आपल्याला हवी ती हालचाल ठेवता आली, की चित्रण ट्रायपॉडवरून केल्याचा भास होतो.

कडांना दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांची काळजी तुम्हाला फारशी करावी लागणार नाही. मूळ फ्रेम ३८४० पिक्सेल रुंद आहे. अंतिम चित्र १९२० पिक्सेल रुंद ठेवले तर डावी-उजवीकडे प्रत्येकी ९६० पिक्सेल सरकायला मोकळे राहतात.

घोडबंदरवासी

वरील उत्तर योग्य आहे, परंतु शटर स्पीडचा मुद्दा त्यात राहून गेला आहे, आणि माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक क्लिप त्यामुळेच वाया जातात. थोडे गणित मांडतो. एअरबस ए-३२० सारखे विमान उतरताना ताशी सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७० मीटर वेगाने जाते. ते तुमच्यापासून ३०० मीटरवरून आडवे गेले, तर कॅमेऱ्याला सेकंदाला १३ अंशांहून अधिक वळावे लागते. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमीच्या लेन्सला आडवे जेमतेम ५ अंश दिसतात, म्हणजे फोर-के फ्रेममध्ये ही गती सेकंदाला सुमारे १०,००० पिक्सेल झाली. तुमचा हात या गतीत फक्त ५ टक्के चुकला, तरी १/५० शटरला विमानाची प्रत्येक कड १० पिक्सेल फराटली जाते. १/५०० ला तीच चूक १ पिक्सेलची राहते. ट्रॅकिंगने विमान जागेवर येते, पण फराटा फ्रेमच्या आतच असल्यामुळे तो जात नाही. उलट हालचाल थांबल्यामुळे तो अधिक डोळ्यांत भरतो: स्थिर उभे विमान दर काही फ्रेमांनी अस्पष्ट होऊन पुन्हा स्पष्ट होते, जणू कोणी फोकस मागेपुढे करते आहे.

दुप्पट शटरचा नियम ज्या चित्रणाला पुढे स्थिर करायचे नसते त्याच्यासाठी ठीक आहे. विमानांसाठी मी १/५०० आणि सेकंदाला ५० फ्रेम ठेवतो. पंख्याचे विमान किंवा हेलिकॉप्टर असेल तेव्हा मात्र शटर बराच खाली आणावा लागतो, नाहीतर फिरती पाती गोठल्यासारखी दिसतात. गच्चीच्या कठड्यावर तांदळाची अर्धी भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवून पाहा. ट्रायपॉडला जागा नसली तरी पिशवीला असते.

खाडीपलीकडचा (कोपरखैरणे)

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून उलव्याची क्लिप केली आणि फरक इतका होता की घरच्यांना दोन्ही रूपे शेजारी लावून दाखवली. फराटा घोडबंदरवासी यांनी सांगितला तसाच दिसतो. पुढच्या रविवारी शटर बदलेन. आकाशाच्या क्लिपमध्ये मात्र दोन अडचणी आल्या. विमान लहान असल्यामुळे मी पंखाच्या टोकाचा दिवा हा ठिपका धरला होता, तर दर सेकंदाला विमान एकदा टुणकन उडते. शिवाय विमान स्थिर झाल्यावर आकाशात एक काळसर ठिपका माशीसारखा घोंघावू लागला आहे, जो मूळ चित्रणात माझ्या लक्षातही आला नव्हता.

संकलन-कक्ष (नौपाडा, ठाणे)

पंखाच्या टोकाशी लखलखणारा दिवा असतो. त्या क्षणी ठिपक्याचा आकार आणि उजेड दोन्ही बदलतात, म्हणून ट्रॅकर चळतो. विमान लहान असेल तर आतली चौकट एवढी मोठी करा की पंख वगळून सगळा सांगाडाच तिच्यात मावेल. निळ्या आकाशावरचा तो गडद आकार स्वतःच उत्तम ठिपका आहे. तरीही एखादी उडी राहिली तर ट्रॅकिंगचा आलेख उघडून त्या फ्रेमांचे बिंदू पुसून टाका, दोन्ही बाजूंचे बिंदू सरळ रेषेने जोडले जातात.

ती माशी म्हणजे तुमच्या सेन्सरवरची धूळ आहे. मूळ चित्रणात ती फ्रेमच्या एकाच जागी असते, म्हणून नजरेआड राहते. आता फ्रेमच विमानाभोवती हलते आहे, त्यामुळे धूळ नाचते. ती ट्रॅकरच्या आधी पेंट (चित्रावर रंगवण्याचा) नोड लावून झाका. त्या टप्प्यावर धूळ स्थिर असल्यामुळे शेजारचे आकाश उचलून मारलेला एकच फटकारा सगळ्या क्लिपला पुरतो. विमान त्या जागेवरून जाते त्या फ्रेमांपुरता तेवढा तो बंद ठेवा. कडांचा काळसरपणाही असाच हलताना दिसेल, तोही लेन्स-दुरुस्तीने ट्रॅकरच्या आधीच घालवावा.

घोडबंदरवासी

एक पुरवणी. दुपारी तापलेल्या जमिनीवरून चित्रण केले असेल तर हवेच्या झळांनी विमानाची कडच लवलवते, आणि ट्रॅकर ती लवलव इमानेइतबारे मोजून सगळ्या फ्रेमला देतो. अशा वेळी ट्रॅकिंगचा आलेख थोडा गुळगुळीत करून मगच वापरा. आकृती तरीही पाण्याखाली असल्यासारखी हलतच राहील, त्यामुळे उलव्याला मी नऊच्या आत काम उरकतो.