पैशाची चणचण असलेल्या शाळेत पॅरेंट गव्हर्नर व्हावं का? (इंग्लंड)

सायली

मुलाच्या प्रायमरी शाळेत पॅरेंट गव्हर्नरच्या (शाळेचा कारभार पाहणाऱ्या गव्हर्निंग बॉडीवर, म्हणजे बोर्डावर, पालकांमधून निवडून जाणाऱ्या सदस्याच्या) दोन जागा रिकाम्या आहेत. शाळा काउन्सिलची (स्थानिक प्रशासनाची) आहे, अकॅडमी (काउन्सिलपासून स्वतंत्र सरकारी शाळा) नाही. परिस्थिती सगळ्या पालकांना ठाऊक आहे: रिसेप्शनच्या (प्रायमरीच्या अगदी पहिल्या वर्षाच्या) ६० जागांपैकी ४३च भरल्या, बजेट तुटीत आहे, सोडून गेलेल्या टीचिंग असिस्टंटच्या जागी कुणी आलेलं नाही आणि ऑफस्टेडची (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेची) तपासणी कधीही येऊ शकते.

मी शिक्षिका नाही, अकाउंटंटही नाही. मला विचारायचंय:
१. काम नेमकं काय असतं आणि वेळ किती जातो? ब्रिटिश नागरिकत्व लागतं का?
२. तुटीचं बजेट मंजूर केलं तर ती जबाबदारी माझ्या अंगावर येते का?
३. अशा काळात नवख्या गव्हर्नरनं कशाकडे लक्ष द्यावं आणि कशात पडू नये?

केदार_जी

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो.

नागरिकत्वाची अट नाही. वय १८ पूर्ण हवं आणि तुम्ही अपात्रतेच्या यादीत बसत नसायला हवं (दिवाळखोरी, ठरावीक शिक्षा वगैरे). पॅरेंट गव्हर्नरसाठी आणखी दोन अटी आहेत. तुम्ही त्या काउन्सिलच्या निवडून आलेल्या सदस्य नसाव्यात, आणि त्याच शाळेत सलग बारा महिन्यांत ५०० तासांपेक्षा जास्त पगारी काम करत नसावं. जागांपेक्षा उमेदवार जास्त झाले तर पालकांचं गुप्त मतदान होतं. मुदत सहसा चार वर्षांची. मूल मध्येच शाळा सोडून गेलं तरी मुदत पूर्ण करता येते.

नेमणुकीनंतर २१ दिवसांत एन्हान्स्ड डीबीएससाठी (गुन्हेगारी नोंदींच्या तपासणीसाठी) अर्ज जावा लागतो. स्वयंसेवकांना त्याची फी नाही. इथे येऊन फार वर्षं झाली नसतील तर शाळा भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागू शकते, आणि ते हातात यायला वेळ लागतो. निवड झाली की ऑफिसला लगेच विचारा, नाहीतर डीबीएस आलेलं आणि हे अडकलेलं असं होतं.

पूर्ण बोर्डाच्या वर्षात किमान तीन बैठका व्हायलाच हव्यात, बऱ्याच शाळांत सहा होतात. शिवाय एखादी कमिटी, शाळाभेट आणि कागद वाचणं. महिन्याला सहा-आठ तास धरा. अजेंडा आणि कागद बैठकीच्या सात दिवस आधी मिळायला हवेत. बैठकीतच टेबलावर ठेवलेल्या बजेटवर त्याच क्षणी मत देऊ नका. "वाचायला वेळ हवा" असं सांगून ते मिनिट्समध्ये नोंदवायला लावा. नोकरीतून वाजवी सुट्टी मागण्याचा हक्क एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट १९९६च्या कलम ५०ने दिला आहे, फक्त ती पगारी असेलच असं नाही.

जबाबदारीचं म्हणाल तर निर्णय बोर्ड एकत्रितपणे घेतं. गव्हर्निंग बॉडी कायद्यानं स्वतंत्र संस्था आहे. प्रामाणिकपणे आणि सद्हेतूनं वागणाऱ्या गव्हर्नरच्या खिशाला तुटीमुळे सहसा हात लागत नाही. पण याची दुसरी बाजू अशी की एकट्या गव्हर्नरला कसलाही अधिकार नसतो. वर्गात जाऊन शिक्षिकेला सूचना देणं, ऑफिसकडून परस्पर आकडे मागवणं हे अजिबात करायचं नाही.

वसुधा

पैशाचा भाग सविस्तर लिहिते, कारण बाकीच्या बऱ्याच अडचणींचं मूळ तिथंच आहे.

शाळेला मिळणारा पैसा मुख्यतः मुलांच्या संख्येवर ठरतो. ही संख्या ऑक्टोबरमधल्या सेन्ससला मोजतात आणि तिच्यावर पुढच्या एप्रिलपासूनचं बजेट बेतलं जातं. आता तुमच्या शाळेचा हिशोब करा. ४३ मुलं म्हणजे १७ कमी. समजायला सोपं जावं म्हणून एका मुलामागे ५,००० पौंड धरले तर वर्षाला ८५,००० पौंड कमी. आणि ही एकाच वर्षाची खोट नाही. तो ४३चा गट रिसेप्शनपासून इयर सिक्सपर्यंत सात वर्षं शाळेत राहणार आहे. पुढच्या वर्षी पुन्हा कमी मुलं आली तर दुसरं भोक पहिल्याच्या जोडीला येतं.

उत्पन्न घटलं म्हणून खर्च त्याच प्रमाणात घटत नाही. रिसेप्शन, इयर वन आणि इयर टूमध्ये एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे. त्यामुळे ४३ मुलांना ६० मुलांइतकेच दोन शिक्षक लागतात. खर्चाचा बहुतांश भाग पगारात जातो. फोटोकॉपी आणि हीटिंगवर कात्री चालवून हे भोक बुजत नाही. बोर्डाच्या बैठकीत अर्धा तास कागदाच्या खर्चावर गेला तर खरा प्रश्न बाजूला राहिला असं समजा.

एक उपाय म्हणजे प्रवेशसंख्या कमी करणं. ६०ची ४५ केली तर दोन इयरची मिळून ९० मुलं होतात आणि ती तीन वर्गांत बसतात, पण मग मिश्र वयाचे वर्ग आले. पालकांना ते सहसा रुचत नाहीत आणि शिक्षकांना अभ्यासक्रम दोन वर्षांच्या चक्रात नव्यानं मांडावा लागतो. ३० केली तर रचना सुटसुटीत होते, पण नंतर वस्ती वाढली की जागा नसतात. काउन्सिलच्या शाळेत हा निर्णय काउन्सिल घेते, बोर्डाशी सल्लामसलत करून. आणि तो तडकाफडकी लागू होत नाही. सप्टेंबर २०२७च्या प्रवेशाचे नियम २८ फेब्रुवारी २०२६पर्यंत ठरलेले असावे लागतात. दीड वर्ष आधी विषय निघाला नाही तर ते वर्ष हातचं गेलं.

दुसरी तारीख त्याहून महाग पडते. शिक्षकाची नोकरी ३१ ऑगस्टला संपवायची असेल तर नोटीस ३१ मेच्या आत द्यावी लागते. त्याआधी कर्मचाऱ्यांशी आणि युनियनशी सल्लामसलत, निवडीचे निकष, अपिलाची मुदत हे सगळं उरकायचं. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरुवात हवी. मेमध्ये बजेट मंजूर करताना तूट "सापडली", तर तो पगार ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहतो. चार महिन्यांचा जादा खर्च, तोही आधीच तुटीत असलेल्या शाळेला.

तुटीचं बजेट बोर्ड आपल्या मर्जीनं लागू करू शकत नाही. त्याला काउन्सिलची परवानगी लागते आणि सोबत तूट भरून काढण्याचा आराखडा द्यावा लागतो. तो आराखडा मागून वाचा. मी हे बघेन:
– तीन वर्षांच्या अंदाजात मुलांची संख्या कुठून आली? काउन्सिलच्या अंदाजावरून, की "पुढच्या वर्षी वाढतील" या आशेवरून?
– पगारवाढ किती टक्के धरली आहे आणि ती एका टक्क्यानं जास्त निघाली तर काय होईल?
– विशेष गरजा असलेल्या मुलाला लागणाऱ्या जादा मदतीतले पहिले ६,००० पौंड शाळेनं आपल्या बजेटमधून खर्च करायचे असतात. अशी मुलं किती आहेत आणि तो खर्च धरला आहे का? टीचिंग असिस्टंटच्या जागा "वाचवल्या" पण एखाद्या मुलाच्या ईएचसी प्लॅनमध्ये (विशेष गरजांसाठीच्या कायदेशीर मदत-आराखड्यात) तासांची मदत लिहिलेली असेल, तर ती द्यावीच लागते. मग तीच मदत एजन्सीतून जास्त दरानं घेतली जाते.

अकाउंटंट असण्याची गरज नाही. मागच्या बैठकीतला अंदाज आणि आताचा आकडा शेजारी शेजारी ठेवा आणि फरक का पडला ते विचारा. काउन्सिलच्या शाळांना एसएफव्हीएस ही आर्थिक स्वयंतपासणी दरवर्षी ३१ मार्चपर्यंत काउन्सिलला द्यावी लागते. नव्या माणसाला प्रश्न विचारायला ती तयार यादीच आहे.

सायली

वसुधाताई, मनापासून आभार. नोटिशीच्या तारखेची काहीच कल्पना नव्हती. आणखी एक विचारते. कुणाची नोकरी जाणार यावर आम्ही चर्चा करायची का? आणि शाळेच्या फाटकाशी पालक गाठून विचारतात तेव्हा काय बोलायचं?

निशिकांत

नावांची चर्चा पूर्ण बोर्डात कधीच नको. बोर्डानं रचना आणि आकडा ठरवायचा, "एक शिक्षक आणि दोन असिस्टंट कमी" इतकंच. पुढचं काम छोट्या पॅनेलकडे जातं आणि अपील दुसऱ्या पॅनेलकडे. सगळ्या गव्हर्नरांना तपशील कळलेला असेल तर अपील ऐकायला निःपक्ष माणसंच उरत नाहीत. तक्रारी आणि एक्सक्लूजनमध्येही (मुलाला शाळेतून काढण्याच्या प्रकरणांतही) हाच धोका असतो, आणि छोट्या बोर्डात जागा रिकाम्या असल्या की तो फार लवकर खरा ठरतो. म्हणून रिकाम्या जागा भरणं हे सोपस्काराचं काम समजू नका. गव्हर्नर्स फॉर स्कूल्स ही संस्था शाळांना स्वयंसेवक मिळवून देते. बोर्डात एचआर किंवा फायनान्सचं माणूस नसेल तर चेअरना तिथे मागणी नोंदवायला सांगा.

फाटकावरच्या पालकाला एवढंच सांगा: "हे वर्गशिक्षिकेशी बोला, तिथे सुटलं नाही तर हेडटीचरशी, त्यानंतर लेखी तक्रार." किस्सा पूर्ण ऐकून घेऊ नका. दयामाया नाही म्हणून नव्हे, तर उद्या त्याच मुलाचं प्रकरण पॅनेलसमोर आलं की तुम्हाला बसता येणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर गव्हर्नर म्हणून काहीही लिहू नका. पॅरेंट गव्हर्नर पालकांमधून निवडून येतो, पण पालकांचा निरोप्या नसतो. मत स्वतःच्या विचारानं द्यायचं. पालकांनी बैठकीचं विचारलं तर मंजूर मिनिट्स मागवा म्हणावं, गोपनीय भाग सोडून बाकी सगळं त्यांना वाचता येतं.

एक्सक्लूजनचं थोडं सांगतो, कारण ताणाच्या काळात ती प्रकरणं वाढतात. कायमचं काढण्याचा निर्णय फक्त हेडटीचरचा. बोर्डाला कळल्यापासून १५ शालेय दिवसांत किमान तीन गव्हर्नरांनी बसून त्याचा फेरविचार करायचा असतो. निर्णय कायदेशीर, वाजवी आणि योग्य पद्धतीनं झाला का हे बघायचं. पॅनेलवर बसलात तर एक प्रश्न नक्की विचारा: मुलाच्या विशेष गरजा तपासल्या होत्या का आणि त्याआधी काय काय करून पाहिलं? याला कागदोपत्री उत्तर नसेल तर मुलाला परत घेण्याचा अधिकार पॅनेलला आहे. हेडना वाईट वाटेल म्हणून तो न वापरणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

मीरा_एस

ऑफस्टेडबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०२४पासून सरकारी शाळांना एका शब्दाचा एकूण शेरा मिळत नाही. नोव्हेंबर २०२५पासून रिपोर्ट कार्ड आलं आहे, त्यात वेगवेगळ्या बाबींना पाच पायऱ्यांवर श्रेणी देतात. नेतृत्व आणि गव्हर्नन्स ही त्यातली एक. सेफगार्डिंगचा (मुलांच्या सुरक्षिततेचा) निकाल वेगळा: निकष पूर्ण होतात की नाही एवढाच.

इन्स्पेक्टर गव्हर्नरांना भेटतात तेव्हा "हे तुम्हाला कशावरून कळलं?" यावर सगळा रोख असतो. "हेडनी सांगितलं" एवढ्यावर भागत नाही. त्यासाठी भेटींच्या नोंदी लागतात. अर्धं पान पुरतं: तारीख, शाळेच्या आराखड्यातला कोणता मुद्दा पाहिला, काय दिसलं, कोणता प्रश्न उरला. शिक्षकाचं नाव किंवा शिकवण्यावर शेरा नको. दर सप्टेंबरला कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन या सरकारी मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती येते, तिचा दुसरा भाग गव्हर्नरांसाठीच आहे, तो वाचा. हजेरीचे आकडे सरासरीत पाहू नका. १० टक्के किंवा जास्त सत्रं बुडवणारी मुलं किती आणि त्यांत प्युपिल प्रीमियमची (गरजू मुलांसाठीचा जादा निधी मिळणारी) किती, असं सुटं करून मागा. ९४ टक्के सरासरीच्या आड दर आठवड्याला एक दिवस घरी राहणारं मूल सहज लपतं.

केदार_जी

सायली, अर्ज भरण्याआधी क्लार्कना (बोर्डाचं कामकाज सांभाळणाऱ्या सचिवांना) किंवा चेअरना तीन गोष्टी मागा: मागच्या तीन बैठकांची मिनिट्स, सध्याच्या गव्हर्नरांची हजेरी (ती वेबसाइटवर असायला हवी) आणि तूट भरून काढण्याचा आराखडा काउन्सिलनं मंजूर केला आहे का, याचं उत्तर. मिनिट्समध्ये गव्हर्नरांचे प्रश्न आणि हेडची उत्तरं दिसत असतील तर बोर्ड काम करतंय. प्रत्येक मुद्द्यापुढे नुसतं "नोंद घेतली" असेल तर आत गेल्यावर प्रश्न विचारायची सवय तुम्हालाच लावावी लागेल. तेव्हा दुसऱ्या रिकाम्या जागेसाठी अजून एका पालकाला तयार करा.

क्लार्कशी ओळख पहिल्या आठवड्यातच करून घ्या, नियमांचं अडलं की आधी तिथेच विचारायचं. आणि काम झेपेनासं झालं तर क्लार्कना लेखी कळवून कधीही राजीनामा देता येतो. फक्त गप्प बसून बैठका चुकवू नका. बोर्डाच्या संमतीशिवाय सहा महिने गैरहजर राहिलात तर आपोआप अपात्र ठरता, आणि तेवढे महिने ती जागा कागदावर भरलेली दिसत राहते.