इलेक्ट्रिक बेसवाल्याला पहिला अपराइट घ्यायचाय, बजेट कमी, काय बघू?

चारतारी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इलेक्ट्रिक बेस वाजवतोय, फ्रेटवाला आणि फ्रेटलेस (नेकवर पट्ट्या नसलेला) दोन्ही, बँडमध्ये रॉक-फंक वगैरे. हल्ली एका अकूस्टिक ट्रायोबरोबर बसायला लागलोय, पियानो आणि ब्रशने वाजवणारा ड्रमर, आणि दर वेळी स्वतःचा आवाज ऐकून वाटतं की हा इथे शोभत नाहीये. ड्रमर तर तोंडावर म्हणाला की तुझा सूर संपतच नाही यार, आम्हाला श्वास घ्यायला जागा दे. तेव्हापासून डोक्यात अपराइटचं, म्हणजे उभ्याने वाजवायच्या मोठ्या लाकडी डबल बेसचं, खूळ शिरलंय.

बजेट म्हणाल तर एका बऱ्यापैकी इलेक्ट्रिक बेसला पडतात तेवढे, फार फार तर त्याच्या दीडपट. ऑनलाइन बघितलं तर त्याहूनही स्वस्तात नवे कोरे ३/४ साइजचे बेस दिसतात, सोबत गज, बॅग, गजाला लावायचं रोझिन सगळं फुकट, फोटोत एकदम चकाचक. मग लोक याच्या तिप्पट-चौपट पैसे का मोजतात ते काही कळेना. आणि ३/४ म्हणजे लहान मुलांचा असतो का, मी चांगला उंच आहे, ४/४ बघू का? प्लायचा चालेल की सॉलिड लाकडाचाच हवा? की ते इलेक्ट्रिक अपराइट म्हणून नुसता दांडा असतो ते घेऊन भागेल? ट्यूनिंग तेच ई-ए-डी-जी आहे म्हटल्यावर हात बसायला किती त्रास होईल हेही सांगा. आधीच थँक्यू.

लाकूडतोड्या
मी वाद्यं दुरुस्त करतो, त्यामुळे माझ्याकडे येणारे बेस हे बहुतेक बिघडलेलेच असतात, तेवढं लक्षात ठेवून वाच.

आधी साइज. ३/४ हाच मोठ्या माणसांचा नॉर्मल साइज आहे. ४/४ ऑर्केस्ट्रातसुद्धा क्वचितच दिसतो, त्या फंदात पडू नकोस. ३/४ ला तारेची वाजती लांबी ४१-४२ इंच असते, तुझ्या फेंडर छाप बेसची ३४. म्हणजे तुला जो ‘लहान’ वाटतोय तोच हाताला भरपूर मोठा आहे.

आता ते चकाचक स्वस्त बेस. त्यात लाकूड वाईट असतं असं नाही, काही वेळा डबा चांगला निघतो. गोम अशी की ते वाद्य पूर्ण झालेलंच नसतं. गिटारवाल्यांच्या हे पटकन लक्षात येत नाही कारण गिटार बॉक्समधून काढली की ॲलन की घेऊन ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवला, सॅडल खाली-वर केलं, झालं. अपराइटला सहसा ट्रस रॉडच नसतो. फिंगरबोर्डला जो हलका खोलगटपणा लागतो तो रंधा मारून लाकडातच काढावा लागतो. ब्रिज, म्हणजे तारांखालची घोडी, त्याच बेसच्या पोटाच्या (पुढच्या फळीच्या) गोलाईला पाय घासून बसवावा लागतो, पाय आणि पोट यांच्यात कागद सरकता कामा नये. आत साउंडपोस्ट नावाचा लाकडी दांडू असतो, ब्रिजच्या जी तारेकडच्या पायाच्या जरासा मागे, तो कशानेच चिकटवलेला नसतो, तंबूच्या काठीसारखा नुसत्या दाबावर उभा असतो. तो एक-दोन मिलिमीटर सरकला तरी आवाज बदलतो, चुकीच्या लांबीचा असेल तर पोटाला तडाही जातो.

कारखान्यातून येताना यातलं काहीच धड झालेलं नसतं. ‘जी’ची तार फिंगरबोर्डच्या टोकाशी सेंटीमीटरभर वर, ई तर बघायलाच नको. बोटाने वाजवायचं असेल तर टोकाशी जी साधारण ५-६ मिलिमीटर आणि ई ८-९ च्या आसपास आली की माणसासारखं वाजवता येतं. हे सगळं मजुरीचं काम आहे आणि ते स्वस्त बेसला करा नाहीतर महागाला करा, मजुरी तीच. म्हणून मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो आणि मसाला घातल्यावरही कोंबडी तीच राहते.

दुकानात बघायला गेलास तर एक गोष्ट नक्की कर. फिंगरबोर्डच्या खालच्या बाजूला, जिथे तो नेकच्या पुढे अधांतरी असतो तिथे, हात घालून मोबाइलचा टॉर्च मार. एबनी (टणक काळं लाकूड) असेल तर लाकूड खालूनही गडद आणि घट्ट दिसतं. वरून काळंभोर आणि खालून पांढुरकं, कडेला रंगाचे ओघळ, असं असेल तर ते मऊ लाकूड काळं केलेलं आहे, स्टीलच्या तारा त्यात चर पाडतात आणि मग पुन्हा रंधा मारायला गेलास की रंगही गेला. त्यावर डील तोड असं नाही म्हणत, पण किमतीत धर.

प्लायबद्दल मात्र नाक मुरडू नकोस. प्लायचा बेस पडतो, आपटतो, हवा बदलली तरी फारसा तडकत नाही, आणि स्टेजवर आवाज वाढवला की सॉलिडपेक्षा उशिरा शिट्टी (फीडबॅक) मारतो. फ्रेटलेसचा बादशहा जॅको पास्टोरियस, त्याने तरुणपणी अपराइट घेतला होता, फ्लोरिडाच्या दमट हवेत तो फुटला, आणि गडी त्यानंतर फ्रेटलेस इलेक्ट्रिकवर वळला. अमेरिकेत के कंपनीने १९३७ पासून प्लायचे बेस बनवले, ते आजही वाजतायत, लोक शोधून शोधून घेतात. आत्ताच्यात शेन कंपनीचा एसबी-८० प्लायच आहे आणि त्यावर काम करायला मला कधीच जिवावर येत नाही.

माझ्या मते बजेट असं वाट: आधी सेटअप आणि तारांचे पैसे बाजूला काढ, उरलेल्यात जो वापरलेला प्लाय मिळेल तो घे.

गजगामिनी
लाकूडतोड्या दादांशी बाकी सगळं सहमत, फक्त प्लायवर एक टीप. गजाने वाजवायचं ठरवलं की प्लाय जरा घुम्मच वाटतो, सूर सुटायला वेळ घेतो, तिथे निदान पुढचं पोट सॉलिड आणि मागची बाजू प्लाय असा हायब्रिड असेल तर फरक कळतो. पण तुला ट्रायोत बोटांनीच वाजवायचंय तर पहिल्या बेसला प्लायच घे. गज मात्र शिक, भले कुणासमोर वाजवू नकोस. पिझिकाटोत, म्हणजे बोटाने वाजवताना, सूर थोडा खालीवर असला तरी तो विरून जातो आणि आपलं फावतं, गजाने लांब धरलास की लगेच उघडा पडतो.

खरं तर मी आधी भाड्याने घे म्हणेन. वाद्यांच्या बऱ्याच दुकानांत भाड्याची काही रक्कम नंतर खरेदीत वळती करतात, विचारून बघ. महत्त्वाचं म्हणजे भाड्याचा बेस बहुतेक वेळा आधीच सेटअप झालेला असतो, तर चांगली ॲक्शन (तारांची उंची) हाताला कशी लागते हे तुला कळेल आणि मग वापरलेला बघायला जाशील तेव्हा तुलना करायला काहीतरी असेल. आत्ता तुझ्यासमोर कुठलाही बेस ठेवला तरी तुला तो कठीणच वाटणार.

हाताचं विचारलंस. ट्यूनिंग तेच, त्यामुळे सूर कुठे आहेत हे डोक्याला माहीत आहे, हा तुझा अर्धा फायदा. बाकी अर्धं नव्याने. इलेक्ट्रिकवरचं एका फ्रेटला एक बोट विसर. नटजवळ, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाशी, एका सेमीटोनचं अंतर जवळजवळ ६ सेंटीमीटर असतं, इलेक्ट्रिकवर ते ५ च्या आत आहे. म्हणून खालच्या पोझिशनमध्ये १-२-४ अशी बोटं वापरतात, तिसरं बोट चौथ्याच्या मदतीला, म्हणजे एका पोझिशनमध्ये एका तारेवर तीनच सूर हाताखाली. सिमांडलच्या पद्धतीत, म्हणजे अपराइट शिकायच्या जुन्या प्रसिद्ध पुस्तकात, हेच शिकवतात. त्यामुळे तू ज्या लाइन्स एका जागी बसून वाजवतोस त्या इथे हात हलवून वाजवाव्या लागतील आणि तू आपोआप कमी सूर वाजवशील, तुझा ड्रमर खूश.

आणि अंगठ्याने मागून चिमटा काढू नको, डावा कोपर वर ठेव आणि पूर्ण हाताचं वजन तारेवर टाक. उजव्या हातालाही बोटाचं टोक नाही, तर्जनीची कड जवळजवळ तारेला समांतर ठेवून ओढायची, जोर खांद्यातून. मोटाउनच्या गाण्यांवरचा बेसवाला जेम्स जेमरसन मूळचा अपराइटवाला, नंतर इलेक्ट्रिकवर आला तरी आयुष्यभर त्या एका तर्जनीनेच वाजवत राहिला, तू आता उलट्या दिशेने जातोयस. फोड येतील, ते फोड घेऊन वाजवू नकोस. आणि चार शिकवण्या तरी घे बाबा, फ्रेटलेस येतं म्हणून स्वतःच शिकणारे मनगट दुखवून घेतात.

प्लगइन_पक्या
दांड्याची बाजू कुणीतरी घ्यायला हवी म्हणून मी.

ईयूबी, म्हणजे तो इलेक्ट्रिक अपराइट, वाईट नसतो राव. शेजारी झोपलेले असताना हेडफोन लावून वाजवता येतो, रिक्षातसुद्धा मावतो, आणि मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये फीडबॅकची कटकट जवळपास नाही. यामाहाचा सायलेंट बेस घे किंवा एनएस डिझाइनचा, नेड स्टाइनबर्गरचा, म्हणजे ज्याने बिनडोक्याचा हेडलेस बेस काढला तोच माणूस. स्केल लांबी अपराइटचीच असते, त्यामुळे डाव्या हाताचा सराव फुकट जात नाही.

पण तुझी केस वेगळी आहे. तुला पियानो आणि ब्रशबरोबर हवेतला आवाज हवाय, सूर येऊन विरणारा. दांड्याला पोकळ पोटच नाही, जे काय ऐकू येतं ते पिकअपमधून, आणि बरेचसे ईयूबी फ्रेटलेस इलेक्ट्रिकच्याच जवळचे वाटतात, सस्टेन (सूर लांबत राहणं) पण तसाच. म्हणजे जो आजार आहे तेच औषध. शिवाय शरीराला टेकवायला डबा नसल्यामुळे उभं राहायची सवय वेगळी लागते. स्वस्तातला ईयूबी तर बिलकुल नको.

आता तू खरा अपराइट घेतलास की एक दिवस अँप लागणारच, तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवतो. पिकअप पिएझो, म्हणजे लाकडाचं कंपन पकडणारा, असेल, आणि पिएझो सरळ बेस अँपमध्ये खुपसला की आवाज नाकातून येतो, बदकासारखा क्वॅक. दोष पिकअपचा नसतो, अँपचा इनपुट इम्पिडन्स कमी पडतो. मध्ये एक प्रीअँप टाक, इनपुट १ मेगाओम तरी हवा, १० असेल तर चिंताच नाही. त्यावर हाय-पास फिल्टर असेल तर सोन्याहून पिवळं, खुल्या ई चा मूळ सूर ४१ हर्ट्झला आहे, त्याच्या खालची सगळी घरघर कापून टाकायची, स्पीकरही वाचतो आणि फीडबॅकही कमी होतो. पिकअप लगेच घेऊ नकोस. आधी सेटअप, मग तारा, मग पिकअप.

तारांवर भांडणं होतील इथे म्हणून थोडक्यात: थोमास्टिक स्पिरोकोर जॅझवाल्यांचा जुना आवडता, स्टील, कडक, सस्टेन भरपूर. तुला सस्टेनच नकोय तर सिंथेटिक कोअरच्या बघ, बोटालाही मऊ. गटच्या (आतड्याच्या) तारा सुरुवातीला नको, हवामान बदललं की ट्यूनिंग करत बसशील.

चारतारी
बापरे, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ते चकाचक वाले कार्टमधून काढले. भाड्याचं विचारलं, सध्या शिल्लक नाहीये. पण एक वापरलेला प्लाय मिळतोय, शाळेच्या ऑर्केस्ट्रातून निघालेला, लेबल धड वाचता येत नाही. विकणारा म्हणतो ‘थोडं शिवणीत उघडलंय, बाकी ए-वन’. फोटोत खालच्या बाजूला पोट आणि कड यांच्यामध्ये फट दिसतेय, एक बोटभर लांब. आणि ब्रिज पुढे कललेला आहे. किंमत बजेटच्या निम्मी. जाऊ का बघायला की लांबूनच नमस्कार करू?

लाकूडतोड्या
जा जा. शिवण उघडणं हा आजार नाही. तिथे सरस मुद्दाम पातळ लावतात, लाकडावर ताण आला की लाकूड फाटण्याऐवजी जोड सुटावा म्हणून. पुन्हा सरस लावून क्लॅम्प केला की झालं. फक्त विकणाऱ्याने तिथे फेव्हिकॉल किंवा फेविक्विक भरलेलं नाही ना ते बघ, ते काढताना लाकूड सोलून निघतं.

ब्रिज पुढे कलणं पण कॉमन आहे, ट्यून करता करता तारा वरचं टोक फिंगरबोर्डकडे ओढत नेतात. उभा करता येतो. वाकून केळं झालेला असेल तर नवा लागेल, तेवढे पैसे कमी करून माग.

मी असतो तर वेळ नेकवर घालवला असता. नेकची टाच जिथे डब्याला मिळते तिथे केसाएवढी जरी फट असली तरी थांब. हात नेकच्या वरच्या टोकाला धरून हलकेच पुढे-मागे कर, त्या जोडात हालचाल जाणवली किंवा करकर आली तर सोडून दे, ते काम बेसच्या किमतीएवढं होतं. मग डोळा लावून बघ, फिंगरबोर्डची रेषा पुढे वाढवली तर ब्रिजच्या वरच्या भागाला मिळते का. फारच खाली जात असेल तर नेक पडलाय. मग ई तारेच्या बाजूने पोट आत दबलंय का ते, बेसबार, म्हणजे पोटाला आधार देणारी लाकडी पट्टी, त्याच बाजूला आतून असतो. एफ-होलमधून (पोटावरच्या एफच्या आकाराच्या भोकातून) टॉर्च मारून साउंडपोस्ट उभा आहे की तिरका हेही बघ. प्लायला थर सुटलेत का हे कळायला पोटावर आणि पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करत जा, कुठे फडफड ऐकू आली तर तिथे थर सुटलाय. आणि खुंट्यांचं मशीन चारही तारांना घसरतंय का तेही फिरवून बघ.

एक विचारून ठेव, नेक डी आहे की ई-फ्लॅट. जी तारेवर अंगठा टाचेच्या खाचेत अडकला की पहिल्या बोटाखाली कोणता सूर येतो तो. दोन्ही चालतात, पण उंच सुरांना हात तिथून मोजायचा असतो, नंतर बदललं की गोंधळ उडतो.

गजगामिनी
आणि विकणाऱ्याने ‘नव्या तारा टाकून देतो’ म्हटलं तर त्याला सांग एकेक करून बदल. चारही एकदम सोडल्या की साउंडपोस्ट आत आडवा पडेल आणि तू पोचशील तेव्हा बेस मुका. उभा करायला वेगळं हत्यार लागतं, एफ-होलमधून घालून.

प्लगइन_पक्या
गाडी कोणती आहे? पुढची सीट पूर्ण मागे पाड, नेक डॅशबोर्डकडे, डबा मागे, कुशीवर झोपव, ब्रिजवर भार नको. चाकाचं एंडपिन (बेस जमिनीवर टेकवायची खालची काठी) मिळतं, पुढेमागे घे, नाहीतर दहाएक किलो खांद्यावर मारून जिने चढावे लागतील. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन हा इलेक्ट्रिक बेस काढला तो याच हमालीतून लोकांना सोडवायला, आणि तू आपला परत निघालास.

चारतारी
हॅचबॅक आहे, मोजून बघितलं, तिरका बसतोय. शनिवारी जातोय, टॉर्च आणि मिलिमीटरवाली पट्टी घेतलीये. नेक हलला तर रिकाम्या हाताने येतो, नाही हलला तर लाकूडतोड्या दादा, सरस गरम करायला ठेवा.

लाकूडतोड्या
ठेवतो. निघायच्या आधी तारा थोड्या सैल करून आण, पूर्ण सोडू नकोस.