गटाने माइंड मॅप काढताना एकाच फांदीचा विस्तार का होत राहतो?

प्रश्न

नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत आम्ही सात जण आहोत. बालविभागातील वाचक का घटले, याचा विचार करण्यासाठी मागच्या बैठकीत आम्ही पांढऱ्या फळ्यावर माइंड मॅप काढला. मध्यभागी 'बालवाचक' असे लिहिले आणि सुचेल तशा फांद्या जोडत गेलो. पहिली फांदी 'मोबाइल' ही पडली आणि पुढचा पाऊण तास तिलाच डहाळ्या फुटत राहिल्या. बालविभाग सांभाळणाऱ्या ताई एकदाच बोलल्या, की मुलांना कपाटातील पुस्तके स्वतः हाताळता येत नाहीत, प्रत्येक पुस्तक मागून घ्यावे लागते. फळ्यापाशी मी उभा होतो. मी 'व्यवस्था' या फांदीखाली 'नियम' एवढाच शब्द लिहिला. घरी येऊन फळ्याचे छायाचित्र पाहिले तेव्हा त्या शब्दात ताईंचे म्हणणे कुठेच उरले नव्हते, याचे फार वाईट वाटले. दोष या तंत्राचा आहे की आमच्या पद्धतीचा?

प्रतिसाद १

एका फांदीवर एकच शब्द लिहावा, हा दंडक टोनी बुझान यांचा. १९७४ मध्ये बीबीसीवरील मालिकेतून त्यांनी ही पद्धत लोकप्रिय केली, तेव्हा भर होता तो एकट्याने काढायच्या टिपणांवर. स्वतःच्या टिपणात एक शब्द पुरतो, कारण बाकीचे आपल्या स्मरणात असते. सात जणांच्या फळ्यावर मात्र तोच शब्द सात अर्थांनी वाचला जातो. म्हणून गटात काम करताना क्रियापदासह छोटे वाक्य लिहावे, शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत, आणि लिहून झाल्यावर "आपल्याला हेच म्हणायचे होते ना?" असे त्या व्यक्तीला विचारावे. 'मुलांना कपाट उघडता येत नाही' असे आपण लिहिले असते, तर त्यावर कोणीतरी नक्की बोलले असते.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, पण माझ्या मते मूळ अडचण त्याआधीची आहे. एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते आणि थांबता थांबता त्यांना सुचलेले विसरते किंवा सांगण्याजोगे वाटेनासे होते. येल विद्यापीठात १९५८ मध्ये झालेल्या प्रयोगात, एकत्र बसून विचार करणाऱ्या गटांपेक्षा तितक्याच माणसांनी वेगवेगळे बसून सुचवलेल्या कल्पनांची बेरीज अधिक भरली होती. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्या पद्धतीत म्हणूनच आधी चिठ्ठ्या लिहिल्या जातात, मग जवळच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवल्या जातात आणि गटाला नाव सर्वांत शेवटी दिले जाते. आपण नेमके उलट केलेत: 'व्यवस्था' हे नाव आधी ठरले आणि ताईंचा अनुभव त्यात कोंबला गेला. पहिली दहा मिनिटे सर्वांनी न बोलता लिहावे, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, आणि त्यानंतरच फळ्याकडे वळावे.

प्रतिसाद ३

एक भर घालतो. माइंड मॅप झाडासारखा असल्याने प्रत्येक गोष्टीला एकच जागा मिळते. कपाटाला कुलूप असणे हा नियमांचा विषय आहे, कपाटाच्या उंचीचा आहे आणि पुस्तक हरवल्यास भरपाई कोणी द्यायची, या कर्मचाऱ्यांच्या धास्तीचाही आहे. अशा ठिकाणी फांद्यांच्या आरपार बाण काढावेत आणि बाणावर 'यामुळे', 'या भीतीने' असे संबंध लिहावेत. संगणकावर काढायचा झाल्यास फ्रीप्लेन हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. परंतु तिथेही टंकणारा एकच असतो, हे विसरू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या बैठकीत मध्यभागी 'बालवाचक' न लिहिता 'एकदा आलेले मूल पुन्हा का येत नाही?' असा प्रश्न लिहिणार आहे, आणि फळ्यापाशी ताईंनी उभे राहावे अशी त्यांना विनंती केली आहे. एक शंका उरते: आम्ही सात जण एकमेकांचे हस्ताक्षर ओळखतो. अशा वेळी चिठ्ठ्या निनावी ठेवण्यासाठी आपण काय करता?