दारू सोडवायची तर आधी डिटॉक्स की आधी मनाची तयारी?

रानजाई:
माझे थोरले दीर रोज तीन क्वार्टर पितात. सकाळी उतारा म्हणून पुन्हा थोडी दारू घेतल्याशिवाय हातांची थरथर थांबत नाही. आता घरात ठरलंय, त्यांना आठ दिवस गावच्या घरात कोंडायचं आणि ताक-लिंबूपाण्यावर ठेवायचं. माझा ठाम विरोध आहे. पहिली पायरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली डिटॉक्स, म्हणजे औषधांच्या आधाराने शरीराची दारू तोडणं.

माळकरी:
ताई, नाही पटलं. माझ्या वडिलांनी पंढरपुरात माळ घातली, त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. ना गोळी, ना सलाईन. उलट आमच्या गल्लीतले दोघे दहा दिवस दवाखान्यात राहून आले आणि घरी यायच्या आधी गुत्त्यात गेले. मनानेच घेतलं नसेल तर पैसे पाण्यात.

शेवंता:
दादा, तुमच्या वडिलांना मनापासून नमस्कार. पण ते सकाळी उतारा घ्यायचे का? मी नर्स आहे, असे पेशंट पुष्कळ सांभाळलेत. रोजची दारू एकदम तुटली की काही तासांत घाम आणि थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. मग दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, बायकोची ओळख राहत नाही. यात जीव जातो. त्या अवस्थेत मन कुठून आणायचं? म्हणून क्लोरडायझेपॉक्साइडसारखं थरथर आणि फिट आवरणारं औषध देऊन ते रोज थोडं थोडं कमी करत नेतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. ताकाने हे होत नाही.

माळकरी:
वडील फक्त रात्री प्यायचे, तेही रोज नाही. फिटचं मान्य. पण त्या दोघांचं काय?

गोदाकाठ:
त्यांच्या शरीराची दारू सुटली, मनाचं व्यसन तसंच राहिलं. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये अवचट दांपत्याने सुरू केलं, ते गर्दच्या (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनच्या) व्यसनाच्या काळजीतून. तिथे समुपदेशन, गटातलं बोलणं, घरच्यांना बोलावणं यावर भर असतो. गर्दच्या बाबतीत तर नुसतं डिटॉक्स करून घरी पाठवणं जास्त धोक्याचं. शरीराची सवय मोडलेली असते, आणि पुन्हा घेताना माणूस जुनाच डोस घेतो. तोच जिवावर बेततो. रानजाई, म्हणून डिटॉक्स ठरवतानाच पुढचे महिने ठरवा.

रानजाई:
वाचताना लक्षात आलं, भाऊजींना काय हवंय हे आम्ही कुणी विचारलेलंच नाही. आज बोलते. तोवर बाटली लपवू का?

शेवंता:
नको. डॉक्टरांना दाखवेपर्यंत एकदम तोडू नका. पण दाखवायला उद्याच न्या, आणि आधी कधी फिट आली असेल तर ते आवर्जून सांगा.