सिग्नल गाडीशी बोलणार म्हणे, पुण्यात चालेल का हे?

कर्वेनगरकर:
कर्वे रोडला रोजचं आहे, टायमरवर ३ आले की मागचे हॉर्न बडवायला लागतात, पुढचे सुटतात, आणि आडव्या रस्त्याचे अजून पिवळ्यात दामटतच असतात, मग दोघांची गाठ चौकाच्या मधोमध. आता बाहेर म्हणे सिग्नलच गाडीला सांगतो की बाबा लाल होतोय, थांब. हे नक्की कसं कळतं गाडीला, कॅमेऱ्याने दिवा बघते का? आणि आपल्याकडे सगळ्या दुचाक्या, उपयोग काय त्याचा?

आयटी_हमाल:
कॅमेरा नाही, रेडिओ. सिग्नलच्या कंट्रोलरला एक डबा जोडतात, तो ५.९ गिगाहर्ट्झवर सारखं सांगत राहतो की कुठल्या लेनला कुठला दिवा चालू आहे आणि बदलायला किती वेळ उरलाय, ह्याला स्पॅट म्हणतात. सोबत चौकाचा नकाशा पण पाठवतो, स्टॉप लाइन कुठे, लेन कुठून कुठे वळते वगैरे. पुढचं गणित गाडी करते. ४० च्या स्पीडला सेकंदाला ११ मीटर जातो आपण, दिवा बघून ब्रेक दाबेपर्यंत दीडेक सेकंद धरा, म्हणजे थांबेस्तोवर ३० मीटर सहज लागतात. लाइन २० मीटरवर असताना लाल दिसला तर काय कप्पाळ थांबणार, ते आधीच कळायला हवं. असं यंत्र बसवलेल्या गाड्या पण आपली जागा आणि स्पीड सेकंदाला १० वेळा ओरडून सांगतात, अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला २०१२ मध्ये जवळपास ३००० गाड्यांवर हे करून बघितलंय.

सदाशिव_पेठी:
छान. आता ज्याला समोर ढळढळीत लाल दिसूनही थांबायचं नाही त्याला डॅशबोर्डवर अजून एक लाल दाखवून काय होणार ते सांगा. शिवाय आपण कुठल्या लेनमध्ये आहोत ते जीपीएसवरून कळणार, आणि मोबाइलचं जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे, लक्ष्मी रोडला इमारतींमध्ये त्याहून वाईट, आणि लेन साडेतीन मीटरची. त्यात आमच्या अ‍ॅक्टिव्हा कुठल्या लेनमध्ये असतात हे त्या चालवणाऱ्यालाही माहीत नसतं 😄

आयटी_हमाल:
मुद्दा बरोबर आहे, म्हणून मी तर म्हणतो आपल्याकडे गाडीला सांगण्यापेक्षा सिग्नलला सांगा. चौकातल्या रडारने बघायचं की हा पठ्ठ्या ह्या स्पीडला थांबत नाही, आणि आडव्या बाजूचा हिरवा दोनेक सेकंद रोखायचा, तेवढा वेळ चारी बाजूंना लाल. सिग्नल तोडणाऱ्याकडे काहीच डिव्हाइस नको. गाडी टू गाडीचं तसं नाही, १०० पैकी १० गाड्यांतच यंत्र असेल तर समोरासमोर आलेल्या दोघांकडेही ते असायचा चान्स १०० त १. चौक मात्र एकदा बसवला की सगळ्यांना मिळतो. गाड्यांत बसवायचंच तर पीएमपीच्या बस आणि अँब्युलन्सपासून सुरू करा, त्यांना हिरवा लांबवून पण देता येतो.

जेधे_चौकातला:
टायमरवरून आठवलं, ऑडीने २०१६ ला लास व्हेगासमध्ये हिरवा व्हायला किती सेकंद ते गाडीत दाखवायला सुरुवात केली, पण शेवटचे काही सेकंद आकडा मुद्दाम गायब होतो, म्हणजे माणूस आकड्याकडे न बघता चौकाकडे बघेल. आपल्या खांबावरच्या टायमरला एवढं तरी करा, त्याला रेडिओ पण लागत नाही.

कर्वेनगरकर:
हे पटलं. पण आकडा गेला की मागचा हॉर्न कशावर मारणार?

सदाशिव_पेठी:
अंदाजे मारेल. तो बाकी सगळं अंदाजेच करतो.