मदत हवी आहे: ताइपिंग बंडाआधीचं 'अंगात येणं' कुठून आलं?

चीनमधल्या ताइपिंग बंडाच्या (1851-64) मुळाशी असलेल्या देवपूजक पंथावर टिपण लिहितोय आणि 1848 पाशी अडकलोय.

बंडाचा नेता हाँग शिउछुआन सरकारी नोकरीच्या परीक्षेत वारंवार नापास झाला, 1837 च्या आजारपणात त्याला दृष्टांत झाले, पुढे 1843 मध्ये ख्रिस्ती पुस्तिका नीट वाचून त्याने त्यांचा अर्थ लावला, इथपर्यंत ठीक. दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी प्रांताच्या डोंगरात पंथ रुजवला तो हाँगचा साथीदार फंग युनशानने, हेही कळलं. पण 1848 मध्ये फंग तुरुंगात, हाँग दूर, आणि यांग शिउछिंग नावाचा कोळसा पाडणारा चक्क देवबापाच्या आवाजात बोलायला लागतो! काही महिन्यांनी पंथातल्याच शिआओ छाओग्वेईच्या अंगात येशू. हाँगनेही दोघांना मान्यता दिली.

दोनतीन इंग्रजी पुस्तकं चाळली. सगळी हा प्रसंग एका परिच्छेदात उरकतात. अफूचं युद्ध, हाक्का-पुंती (बाहेरून येऊन वसलेले आणि मूळचे स्थानिक) यांची भांडणं ही कारणं माहीत आहेत, ती नकोत. चिनी वाचता येत नाही, त्यामुळे इंग्रजी भाषांतरच चालेल.

नेमका प्रश्न: ही प्रथा ग्वांगशीतल्या स्थानिक भगतांकडून आली, की बायबलमधल्या पवित्र आत्म्याच्या कल्पनेतून? आणि ते कुठल्या मूळ साधनांवरून ठरवतात?